दारातलं गवत

माझ्या नवऱ्यानं मला आयुष्यात एकदाच फसवलं. ऐकणारी म्हणते, एकदाच ना, मग काय एवढं मनाला लावून घ्यायचं. पण ते एकट्याचं काम नव्हतं. त्यात मुलगा होता, मुलगी होती, आणि रोज संध्याकाळी उजेड असेपर्यंत फोनवर ते न चुकता चाललं होतं, सव्वा महिना आणि वर आठ दिवस. लोक ह्याला एकदाच म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

आणि फसवणूक कशाची, तर दारातल्या गवताची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आमचं घर भिवंडीच्या टेमघरला. मी लग्न होऊन आले तेव्हा ओट्यावरून खाली पाऊल टाकलं की ते शेताच्या बांधावरच पडायचं. भात होतं, भातामागून वाल होते, पावसाळ्यात पोरं मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, धरायला यायची. मग एका अंगाला लूमचे कारखाने आले, दुसऱ्या अंगाला गोडाऊन. एक शेत भाड्यानं गेलं, एक विकलं, असं करत सगळी गेली. मी त्याबद्दल गळा काढणार नाही. त्या भाड्यावर मुलं शिकली, बंगला झाला, मला बसल्या जागी पंख्याचा वारा मिळाला. खाऊन-पिऊन वर नावं ठेवणारी मी नाही.

पण शेवटचं शेत गेलं आणि गोडाऊनचं काँक्रीट आमच्या ओट्यापासून वीस-पंचवीस पावलांवर येऊन थांबलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मधे राहिला होता दीड गुंठा. पूर्वी तिथं आमचं खळं असायचं, भात झोडायची जागा. ह्यांना तिथंही फरशी घालायची होती. मी म्हटलं, सगळीकडे घातलंत, एवढं तरी राहू द्या, मला पायाखाली माती लागते. दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी ताट वाढलं नाही. तेव्हा हे ओट्यावर उभे राहून, मुलांच्या देखत म्हणाले, "ह्या दीड गुंठ्यात सिमेंटची एक पाटी पडनार न्हाय. माझा शब्द हाय."

आमच्या घरात शब्दाला किंमत होती. माझ्या सासऱ्यांनी जमिनी शब्दावर दिल्या, कागद मागाहून झाले. मी निर्धास्त झाले आणि त्याच संध्याकाळी जेवायला वाढलं.

मला खरं तर तिथं भातच लावायचं होतं. दोन पायली पिकलं असतं तरी पुरे होतं. पण घरात सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. बंगल्याच्या दारात भात बघून लोक काय म्हणतील, ह्यांना खायला मिळत नाही की काय? मुलगा म्हणाला, आई, लॉन कर. मी म्हटलं, गवत? अरे माझ्या माहेरी, वाड्याकडच्या गावात, आम्ही जन्मभर गवत उपटलं. बेणणीला वाकून वाकून आईची कंबर गेली. बांधावरची हराळी खणून तिची नखं काळी झाली ती शेवटपर्यंत काळीच राहिली. आणि मी आता विकतचं गवत आणून दारात लावू? पण मुलगा हट्टाला पेटला, आणि माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. गवत तर गवत, खाली माती राहील ना, म्हणून हो म्हटलं.

धामणकर नाक्याच्या पलीकडून एक नर्सरीवाला टेम्पो भरून आला. बारीक पातीच्या गवताचे चौकोनी तुकडे, खाली जेमतेम दोन बोटं माती. त्यानं ते सतरंजीसारखे अंथरले, पाणी मारलं, फोटो काढला आणि गेला. महिन्याभरात सगळं पिवळं. उकरून बघितलं तर खाली बंगल्याच्या बांधकामाचा रॅबिट, विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट. त्या गवतानं मुळं धरायची तरी कशात? नर्सरीवाल्याला फोन केला तर म्हणे, ताई, स्प्रे मारा. जळ्ळा मेला तुझा स्प्रे, म्हटलं मनात, आणि फोन ठेवला.

मग मी माझ्या पद्धतीनं केलं. तो सगळा रॅबिट दोन मजुरांकडून काढून घेतला, चांगली माती भरली. आणि मला दुसरं येत तरी काय होतं? माती तयार करायची म्हणजे आधी ती भाजायची, हेच मी लहानपणापासून बघितलेलं. आमच्याकडे भाताचं बी पेरायच्या आधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या पसरून आग लावतात. तणाचं बी जळतं, राख खताला होते. ह्याला राब म्हणतात. तर भर मे महिन्यात, सकाळी नऊ वाजता, मी बंगल्याच्या दारात राब लावला.

भिवंडीत गोडाऊनच्या शेजारी धूर काढायचा म्हणजे काय, हे त्या वेळी माझ्या डोक्यातच आलं नाही. दहा मिनिटांत पलीकडच्या गोडाऊनचे दोन सिक्युरिटीवाले लाल नळकांडी घेऊन धावत आले. माताजी हटो, माताजी हटो करत त्यांनी ती नळकांडी राबावर रिकामी केली, आणि अर्धी माझ्यावर. मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. मागून त्यांचा मॅनेजर, त्याच्यामागून लूमवरचे पंधरा-वीस कामगार, तमाशा बघायला. ह्यांनी सगळ्यांची माफी मागितली, सगळ्यांना चहा पाजला आणि आत येऊन पोट धरून हसले. नंतर कित्येक वर्षं पाहुण्यांना ती गोष्ट सांगायचे. सांगताना माझ्याकडे कौतुकानं बघायचेही, ते मी नाकारत नाही.

पण त्या अर्धवट राबानं काम केलं. पाऊस लागल्यावर मी त्या जागेची चिखलणी केली, नर्सरीवाल्याच्या गवतातले जे जिवंत दोर मी आधीच काढून कुंडीत जगवले होते त्यांचे वीत-वीतभर तुकडे केले, आणि लावणी करतात तशी उलट्या पावलांनी मागे सरकत लावले. एका वितीवर एक. गल्लीतल्या बायका कुंपणापाशी उभ्या राहून विचारायच्या, काय गो, गणपतीला नवा तांदूळ काय? मी म्हणायचे, हो हो, या जेवायला. दिवाळीला जमीन दिसेनाशी झाली. आणि मी त्या गवताच्या प्रेमात पडले, आता लपवून काय करू.

भातानं मला जे शिकवलं होतं त्यातलं अर्धं उपयोगी पडलं आणि अर्धं विसरावं लागलं. भाताला पाणी उभं लागतं, ह्याला उभं पाणी चालत नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी शिंपडायचे, तर गवत वरून हिरवं आणि ओढलं की हातात. मुळं वरच्या वरच राहिलेली. मग कळलं, दोन-तीन दिवसांनी एकदा द्यावं, पण पहाटे, आणि खोलवर मुरेल असं. कापायचं तेही उंच ठेवून. ह्यांना आवडायचं अगदी बारीक, न्हाव्यानं मशीन फिरवल्यासारखं. मी म्हणायचे, उन्हाळ्यात बुडखा उघडा पडला की करपेल, पातीचा वरचा तिसरा हिस्सा काढायचा, जास्त नाही. आधी मी विळ्यानं उकिडवी बसून कापायचे. मग मुलानं हातानं ढकलायचं मशीन आणून दिलं. त्याचा तो चरचर आवाज आणि कापल्यावरचा वास, ओल्या भाताच्या पेंढ्याच्या जवळचा, मला दुपारपर्यंत पुरायचा.

आणि लव्हाळा. तो काही पिच्छा सोडत नाही. वरून उपटला की खालची गाठ राहते आणि एकाचे चार होतात. मी जुन्या छत्रीची काडी घासून टोकदार केली होती, तिनं गाठीसकट काढायचे. पावसाळ्यात रोज तासभर. कामतघरच्या बाजूनं वारा सुटला की लूमचं कापसाचं तूस उडत यायचं आणि गवतावर पांढरी साय धरायचं. ते तसंच राहिलं तर खालचं गवत गुदमरतं. म्हणून रोज सकाळी मऊ केरसुणीनं गवत झाडायचे. गवताला कुणी झाडतं का? मी झाडायचे. जाणारे-येणारे रिक्षावाले हॉर्न देऊन हसायचे, हसोत.

संध्याकाळी हे कारखान्याकडून चक्कर मारून आले की चपला काढून गवतावर खुर्ची टाकायचे. चहा घ्यायचे. पाय गवतात रुतवून म्हणायचे, थंड वाटतं. कुणी आलं की, ही सगळी हिची मेहनत, असं सांगायचे. असं सहा-सात वर्षं चाललं. त्या दीड गुंठ्यावर मी जेवढं बोलले असेन तेवढं ह्यांच्याशी गेल्या दहा वर्षांत दुसऱ्या कशावर बोलले नसेन.

मुलगी नाशिकला दिलेली, मुलाचं लग्न मेमध्ये ठरलेलं. गेल्या मार्चमध्ये तिचं दुसरं बाळंतपण होतं. पहिल्याला माहेरी आणली होती, ह्या वेळी डॉक्टरीणबाईंनी प्रवास नको म्हणून सांगितलं. तिची सासू नाही. म्हणजे जायचं मलाच, आणि सव्वा महिना राहायचं. जायचंच होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण मार्च-एप्रिल म्हणजे गवताचा सगळ्यात वाईट काळ. माझा जीव खालीवर होत होता.

ह्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, तू बिनघोर जा, मी हाय ना. आणि कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. पाणी कधी, किती वेळ, मशीनचं पातं किती वर, तूस झाडायचं, युरिया अजिबात टाकायचा नाही. मधेच विचारत होते, कडेच्या पट्टीला जास्त पाणी ना? तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं बोलणं इतक्या लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं. मला भरून आलं. निघायच्या आदल्या दिवशी मुलगा मोबाईल घेऊन लॉनचे फोटो काढत होता, ह्या कोपऱ्यातून, त्या कोपऱ्यातून, सकाळचे, दुपारचे, संध्याकाळचे. मला वाटलं, चला, पोराला पण आवड लागली.

नाशिकला पहिले तीन दिवस व्हिडिओ कॉल झाला. ह्यांनी फोन फिरवून गवत दाखवलं. चौथ्या दिवसापासून म्हणे व्हिडिओपुरतं नेट नाही. मग फोटो यायला लागले. रोज एक. आज पाणी दिलं, आज कापलं, आज लव्हाळा काढला. मी मुलीच्या बाळाला तेल लावता लावता मान वळवून बघायचे. एका फोटोत मागे दोरीवर माझी मोरपिशी साडी वाळत घातलेली दिसली. आता ती साडी त्या क्षणी माझ्या अंगावर होती. मग म्हटलं, तशीच चादर असेल एखादी. माणसाला विश्वास ठेवायचाच असला की असं होतं.

पुढे दहा-बारा दिवसांनी व्हिडिओ परत सुरू झाला. आणि काय ते हिरवं! एकसारखं, गडद, कुठे डाग नाही. मी ओरडलेच ह्यांना, युरिया टाकलात ना? मी नको म्हटलं होतं ना? हे जरा थांबले आणि म्हणाले, थोडासा टाकला. मी रागावले, पण आतून खूश. उन्हाळ्यात एवढं हिरवं मलाही कधी जमलं नव्हतं. मुलीच्या शेजारणीला बोलावून दाखवलं. मुलीकडे येणाऱ्या नर्सला दाखवलं. म्हटलं, बघा, आमचे हे. मी सांगितलं तसं सगळं करतात. मुलगी तेव्हा बाळाचे कपडे घड्या करत होती. तिनं मान वर केली नाही.

सव्वा महिना संपला, बाळाचं बारसं झालं, मी बॅग भरली. तर मुलगी म्हणाली, आई, अजून आठ दिवस राहा ना. मला एकटीला भीती वाटते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी मोठी झाली, दोन मुलांची आई, आणि आईशिवाय भीती वाटते. मी बॅग परत रिकामी केली.

घरी परतले ती एप्रिलची अखेर. सकाळचे अकरा-साडेअकरा झाले असतील. मुलानं गाडी फाटकाशी लावली. मी आत शिरले, सवयीनं चपला काढल्या आणि गवतावर पाऊल टाकलं. पाय भाजला. खरंच भाजला, तव्याला लागल्यासारखा. मी मागे सरकले. गवत कितीही उन्हात असलं तरी तळव्याला गारच लागतं, एवढं मला कळत होतं. खाली वाकून हात लावला. पात ओढली, तुटेना. वास घेतला, तर नव्या रेक्झिनचा. ह्यांच्याकडे बघितलं, तर हे ओट्यावर उभे, हसू का नको अशा चेहऱ्यानं.

मी स्वयंपाकघरातून सुरी आणली. कडेला दोन तुकड्यांचा जोड होता, तिथं खुपसून उचकटलं. खाली कोबा. दीड गुंठा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, गुळगुळीत, राखाडी.

"माझं गवत कुठं टाकलंत?" मी विचारलं.

हे म्हणाले, मुलाचं लग्न तोंडावर आलंय, मेमध्ये हळद, हजारभर माणूस नाचणार, साउंडचा ट्रक येणार, आचाऱ्याची चुलाणं लागणार, गवताची वाट लागणारच होती. मग एकदाच पक्कं करून टाकलं. नंतर गाड्या पण उभ्या करता येतील. तुझे गुडघे दुखतात, आता वाकायला नको. तुला वाईट वाटेल म्हणून वरून हे महागातलं अंथरलं, दहा वर्षं काय होत नाही. हे सगळं एका दमात, पाठ केल्यासारखं. आणि शेवटी म्हणाले, "हिरवं तर हाय ना."

हिरवं तर हाय ना! चोर तो चोर, वर शिरजोर. मी परत विचारलं, माझं गवत कुठं टाकलंत. तेव्हा मुलगा म्हणाला, जेसीबीनं काढलं. आणि माती? माती पण गेली, एका पार्टीला भरावाला पाहिजे होती. सात वर्षांचं शेणखत, राख, मी मुठीमुठीनं घातलेली, कुणाच्या तरी गोडाऊनखाली दबली. एका दुपारी. मी गेल्याच्या चौथ्या दिवशी.

मुलगा वाईट नाही. त्याला लपवाछपवी फार वेळ जमत नाही, म्हणून तो सरळ सांगत गेला, जसं एखादं काम कसं केलं ते सांगावं. माती काढायला एक दिवस. कोबा दोन दिवस. पण मी परतायच्या सुमारास खालचा भराव खचला, एका कडेला तडा गेला, तेवढा भाग परत घालावा लागला. "तो पक्का व्हायला आठ दिवस पाहिजे होते," तो म्हणाला, "म्हणून ताईला सांगितलं, आईला ठेवून घे."

मी ओट्यावर बसले. माझी नवी चप्पल फाटकाशी, पाय भाजलेला, आणि कानात तेच, आई, मला एकटीला भीती वाटते.

मुलीला फोन केला. ती रडायला लागली. बाबांनी शपथ घातली होती म्हणे, आणि आई, तू ऐकली नसतीस. हे मात्र खरं बोलली. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. नाही म्हटलं असतं, भांडले असते, ताटं वाढली नसती, आणि मग कदाचित मुलाच्या हळदीसाठी मीच तोंड फुगवून हो म्हटलं असतं. पण ते माझं हो असतं. ते मला मिळू नये म्हणून तिघांनी मिळून बाळंतिणीच्या खोलीत माझ्याशी खोटं बोलावं? बाळाला मांडीवर घेऊन मी गात बसले होते आणि माझ्या लेकीला माहीत होतं. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. ह्यांचं मी एक वेळ सोडून देईन, पण तिनं माझ्याच मायेचा उपयोग करून मला अडकवून ठेवलं, ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

पुढचे वीस-बावीस दिवस मी कामापुरतं बोलले. लग्नघर होतं, दळणं, खरेदी, आहेर, सगळं केलं. ह्यांनी दोनदा समजवायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा चिडले, म्हणाले गवतासाठी घर डोक्यावर घेतलंस. मी म्हटलं, गवतासाठी नाही. कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही. हे संध्याकाळी खुर्ची आता ओट्यावर टाकतात. ते प्लॅस्टिक सात वाजेपर्यंत तापलेलं असतं, त्यावर पाय ठेवून कोण बसणार? मी सकाळी केरसुणी घेऊन सवयीनं बाहेर यायचे आणि तशीच आत जायचे.

पण मनात मी एक ठरवलं होतं. मांडवाच्या दिवशी सगळी भावकी जमणार. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायचं. ह्यांच्या शब्दाची काय किंमत झाली ते भावकीला कळू दे. ह्यांनाही ती भीती होती, मला दिसत होतं. दर वेळी कुणी पाहुणा दारातलं हिरवं बघून माझं कौतुक करू लागला की हे विषय बदलायचे.

मांडवाच्या दिवशी सकाळी मेढ उभी करतात. उंबराची फांदी, दारातल्या जमिनीत खड्डा करून पुरायची, तिच्या पायाशी पूजा, मग मांडव लागला असं मानायचं. आता खड्डा कुठं करणार? माझ्या लक्षात आलं ते तेव्हा. जमिनींवर जमिनी असलेल्या घराच्या दारात मेढ पुरायला वीतभर माती नव्हती. ह्यांनी त्याचाही बंदोबस्त केला होता. तेलाचा मोठा डबा, नर्सरीतून आणलेली मातीची गोण त्यात ओतलेली, बाहेरून लाल कापड आणि आंब्याचे टाळे बांधलेले. मेढ त्यात उभी केली.

आमच्यात भटजीच्या आधी धवलारीण लागते. बाईच असते. गाण्यातून देवांना, पितरांना, गावच्या शिवेला लग्नाला बोलावते, विधी तीच करते. आमची धवलारीण आतल्या गावची, सत्तरी उलटलेली. माझ्या लग्नाची मेढही तिनंच पुजलेली. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावलेला, नातीचा हात धरून आली. सगळे गोळा झाले. हे एका बाजूला, मुलगा मुंडावळ्या बांधून पाटावर, मुलगी बाळाला घेऊन माझ्या मागे.

म्हातारी मेढीपाशी बसली. हळद-कुंकू वाहिलं, तांदूळ वाहिले. मग पूजेला म्हणून डब्यातली चिमूटभर माती उचलली आणि बोटांत चोळली. नर्सरीची माती ती, काथ्याचा भुसा मिसळलेली, हलकी. तिची बोटं थांबली. परत चोळली. आयुष्यभर भात लावलेली बोटं होती ती. तिनं मान वर करून मला शोधलं आणि विचारलं, "ही माती दारचीच ना गो?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलानं बघितलं. मागे मुलीच्या कडेवरचं बाळ कुरकुरलं, तिनं त्याला गप्प केलं. इतके दिवस मी ह्याच वेळेची वाट बघत होते, आणि मला ती न मागता मिळाली होती. म्हातारीला मी काहीही सांगितलं असतं तर सगळ्या भावकीनं ते ऐकलं असतं.

"दारचीच हाय," मी म्हटलं.

"तू सांगतेस म्हंजे असंल," ती म्हणाली. हात पुसला आणि गायला लागली.

मला वाटलं होतं, जीभ अडेल, आवाज कापेल. काहीसुद्धा झालं नाही. हे माझ्याकडे बघून सुटल्यासारखे हसले, मी नजर वळवली, मुलाच्या कपाळावरची मुंडावळी सरळ केली. आणि तेव्हा कळलं मला, तो सव्वा महिना आणि वरचे आठ दिवस ह्यांच्यातल्या कुणालाच जड गेले नसतील.